सामान्य वापरकर्ती

लिनक्स सामान्य माणसाला झेपतं की नाही, हा वाद मी माझ्यापुरता पंचवीस वर्षांपूर्वीच मिटवला. मला झेपतं. मी सामान्य आहे की नाही हे इतरांनी ठरवावं, आणि ठरवताना मी एका कंपनीच्या संगणक विभागात बत्तीस वर्षं काढली आहेत हे लक्षात घ्यावं. नाव गोपाळकृष्ण, वय अडुसष्ट, राहणार कोथरूड. घरात मी आणि माझी बायको सुनीती. मुलगी अस्मिता बाणेरला, आपल्या संसारात.

आमचं एक मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका क्लासच्या रिकाम्या वर्गात आम्ही पंधरा-वीस जण जमतो आणि लिनक्सबद्दल बोलतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: विंडोजच्या जागी संगणकावर जे चालवता येतं आणि ज्याचा कुणी मालक नाही, ते लिनक्स. ते फुकट मिळतं, पण त्याचं मोल फुकटपणात नाही, मोकळेपणात आहे. हे वाक्य मी लोकांच्या मुंजीतही ऐकवलेलं आहे आणि त्यानंतर लोक माझ्या पंगतीला बसायचं टाळतात, हेही मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी जुलैच्या बैठकीत आमोद उभा राहिला. आमोद एकतीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, हुशार आणि त्यामुळे आगाऊ.

"काका, ऑक्टोबरात विंडोज टेनचा सपोर्ट संपतोय," तो म्हणाला. "लोकांची चांगली चालती मशीन्स जुनी ठरणार. आपण म्हणणार, लिनक्स घ्या. मी माझ्या आईला दिलं. चौथ्या दिवसापासून तिचे फोन सुरू. मी मीटिंगमधून बाहेर येऊन तिला कमांड सांगतोय. हे रेडी नाहीये, काका. मागे एक जाणकार माणूस उभा असेल तरच ते चालतं."

"तुझी आई शिकत नाही, कारण तू फोन उचलतोस," मी म्हणालो. लोक हसले.

आमोद हसला नाही. "मग तुम्ही करून दाखवा. काकूंना द्या. सहा महिने. मागे उभं न राहता."

मी तिथल्या तिथे हो म्हणालो. सुनीतीला विचारायला हवं, असं मला एकदाही वाटलं नाही.

सुनीती एकोणतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. तिचं माहेरचं आडनाव वेळासकर. निवृत्तीच्या आधीपासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, ती वेळासकरांचा कुलवृत्तांत तयार करत होती. मूळ पुरुषापासून आजच्या तान्ह्या पोरापर्यंत सगळ्या शाखा, कोण कुठे जन्मलं, काय शिकलं, कुणाशी लग्न झालं, कुठे वारलं. अकराशे चाळीस घरं. हे काम तिच्या माधवकाकांनी सुरू केलं होतं. डोळे गेल्यावर त्यांनी कागदांची चार खोकी तिच्याकडे पाठवली आणि वर चिठ्ठी लावली, "आता तू." काका ब्याण्णव वर्षांचे, सदाशिव पेठेत एकटे राहायचे. दर सोमवारी सकाळी दहाला त्यांचा फोन यायचा. "सुनीती, छापायला कधी?" एवढाच प्रश्न. जुलैमध्ये तिने त्यांना पहिल्यांदा तारीख सांगितली होती. मजकूर टाइप करून संपला होता, महिनाभर तपासायचं, दिवाळीत पुस्तक हातात. काका म्हणाले, "म्हणजे मी असेन."

मला या कामाबद्दल काही विशेष वाटत नसे. मेलेल्या लोकांची यादी करण्यात हयात घालवणाऱ्या जिवंत माणसांना मी सौम्यपणे हसतो. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

एका शनिवारी ती काकांकडे गेलेली असताना मी तिच्या संगणकावरचं विंडोज पुसून टाकलं आणि लिनक्स घातलं. विचारलं असतं तर "पुस्तक होऊ द्या, मग करा" म्हणाली असती, आणि ते बरोबरच असतं. मी निष्काळजी माणूस नाही. तिच्या सगळ्या फाइल्स आधी बाहेर काढून ठेवल्या, नंतर जागच्या जागी परत ठेवल्या. एकही हरवली नाही.

संध्याकाळी तिने पहिली फाइल उघडली. पडद्यावर मराठी नव्हतं. पौंडाच्या खुणा, डोक्यावर टिंबं असलेले परदेशी स्वर, चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, सहाशे ऐंशी पानं भरून.

"अहो, हे काय झालंय?"

झालं होतं ते साधं होतं. ती जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायची, तोही एका कंपनीच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला. त्या काळी सगळे छापखाने तेच वापरायचे. त्या पद्धतीत संगणकाला मराठी कळतच नाही. तो इंग्रजी खुणा साठवतो आणि फॉन्ट त्यांना मराठी अक्षरांचे मुखवटे घालतो. फॉन्ट गेला की मुखवटे गळतात. तो फॉन्ट कुठून तरी मिळवून यंत्रात टाकला असता तर पाच मिनिटांत सगळं दिसलं असतं. पण तो मालकीचा फॉन्ट. मोकळ्या यंत्रात मालकीची वस्तू घालायची नाही, हा माझा नेम.

"बघतो," मी म्हणालो.

ती आठ दिवस थांबली. मग तिने पलंगाखालून ती चार खोकी ओढली, घरोघरहून भरून आलेले माहितीचे अर्ज काढले आणि पहिल्यापासून टाइप करायला बसली. लिनक्सवर, नव्या युनिकोड मराठीत, म्हणजे जी कुठल्याही संगणकावर मराठीच दिसते, नव्या कीबोर्डवर. जुन्या कीबोर्डची सवय बोटांत मुरलेली होती, ती मोडून चौसष्टाव्या वर्षी नवी घालायची. मी भिंतीवर अक्षरांचा तक्ता चिकटवला. तेवढी मदत नियमात बसत होती.

मी वही केली. तारीख, अडचण, लागलेला वेळ, मदत मागितली का. पहिल्या आठवड्यात तिने मला एकेचाळीस प्रश्न विचारले. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. "तूच शोध, तिथेच कुठेतरी असेल," म्हणायचो. प्रिंटर चालेना तेव्हा मी गॅलरीत पेपर वाचत बसलो. मध्ये एकदा ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. पुन्हा बसली आणि शेवटी कागद बाहेर आला. मी वहीत लिहिलं: प्रिंटर, चार तास दहा मिनिटं, स्वतः सोडवला. मला खरोखर आनंद झाला होता. आमोदच्या आईला हे जमलं नसतं.

ऑगस्टमध्ये दोन दुपारी मी माझ्या संगणकावर बसलो आणि जुन्या खुणांचं युनिकोड मराठीत रूपांतर करणारा एक प्रोग्राम लिहिला. मुद्दाम असं काही ठरवलेलं नव्हतं. कोडं समोर असलं की माझा हात थांबत नाही. एकोणीस तारखेला दुपारी तो चालवला. तिच्या सगळ्या फाइल्स, सहाशे ऐंशी पानं, अकराशे चाळीस घरं. नऊ सेकंद लागले. मी चाळीस पानं ताडून पाहिली. एकही जोडाक्षर मोडलेलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत ती तेव्हा दुसऱ्या शाखेचं पंधरावं घर टाइप करत होती. मला उठून जाऊन सांगायचं होतं, असं मी म्हणू शकतो. ते खरं नाही. मी उठलो, पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो. मी विचार केला तो आमोदचा. पाचव्याच आठवड्यात मी तिचं अडलेलं काम करून दिलं असतं, तर मागे उभा राहिलेला जाणकार माणूस तो मीच झालो असतो. आणि समोर काय घडत होतं ते बघा. जिला संगणकाचं काडीचं प्रेम नाही अशी चौसष्ट वर्षांची बाई लिनक्सवर सहाशे ऐंशी पानांचं पुस्तक स्वतः टाइप करत होती. याहून मोठा पुरावा मला कुठे मिळाला असता? मी ती फाइल एका फोल्डरात ठेवली आणि झाकून टाकली.

सप्टेंबरमध्ये तिने सरळ विचारलं. "त्या जुन्या फाइल्सचं काहीच होणार नाही का हो? तुम्ही म्हणालात, बघतो."

"बघतोय ना. फार किचकट आहे ते."

हे मी खोटं बोललो. बोलतानाही ते मला कळत होतं. बत्तीस वर्षं संगणकात काढलेला नवरा घरात असताना तिने दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता, हेही मला कळत होतं.

दिवाळी आली आणि गेली. तिचं उजवं मनगट सुजलं. डॉक्टरांनी टायपिंग बंद करायला सांगितलं, तिने क्रेप बँडेज बांधून चालू ठेवलं. प्रश्न मात्र संपले होते. ऑक्टोबरच्या पानावर वहीत फक्त तीन नोंदी आहेत, नोव्हेंबरचं पान कोरं आहे. सोमवारचा फोन आला की ती म्हणायची, "काका, टायपिंग चाललंय." अडचण काय आली हे तिने त्यांना सांगितलं नाही. माझं नाव सांगावं लागलं असतं.

नोव्हेंबरच्या शेवटी काकांनी अंथरूण धरलं. मी तिला स्कूटरवर मागे बसवून सदाशिव पेठेत घेऊन गेलो. काकांनी तिच्या हातावरून हात फिरवला आणि बँडेजपाशी थांबले.

"हे काय?"

"काही नाही. जरा लचकलं."

"छापायला कधी?"

"जानेवारीत देते, काका."

"मला वाचायचं नाहीये गं. दिसतच नाही मला. नुसतं हातात घ्यायचंय."

मी समोरच्या खुर्चीवर बसलो होतो. घरी जाऊन ती झाकलेली फाइल बाहेर काढली असती तरी दोन दिवसांत छापखान्यातून एक कच्ची प्रत बांधून आणता आली असती. त्यांना हातात घ्यायला ती पुरली असती. हे मला त्या क्षणी सुचलं नाही असं नाही, चांगलं सुचलं. सहा आठवडे राहिले होते मंडळापुढच्या माझ्या निवेदनाला. ब्याण्णव वर्षं काढलेला माणूस सहा आठवडे काढेल, असा हिशेब मी केला. काकांकडे कामाला असलेल्या बाईंनी चहा आणून दिला, तो मी प्यायलो.

दोन डिसेंबरला काका गेले. तेरा दिवस सुनीतीने संगणक उघडला नाही. चौदाव्या दिवशी बसली. सहा जानेवारीला तिने शेवटचं घर टाइप केलं आणि भिंतीवरचा तक्ता काढून टाकला.

अकरा जानेवारीची बैठक. मी सुनीतीला बरोबर नेलं होतं. वर्ग भरलेला होता. मी वहीतले आकडे पडद्यावर दाखवले: प्रश्न एकेचाळीसवरून शून्यावर, मदत शून्य, पानं सहाशे ऐंशी. जुन्या फॉन्टमुळे पुस्तक पहिल्यापासून टाइप करावं लागलं, हेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या बाकावर सुनीती मनगट धरून बसली होती. वहीबद्दल तिला त्या दिवशीच कळलं. ती आकडे वाचत होती, त्यात प्रिंटरचे चार तास दहा मिनिटंही होती.

कुणीतरी विचारलं, "काकू, विंडोज परत हवं असं वाटतं का?"

"मला पुस्तक हवं होतं," ती म्हणाली. "ते कशावर होतं याच्याशी मला कर्तव्य नाही."

"मानलं, काका," आमोद म्हणाला. "सामान्य माणसाला येतं. मी चुकलो." हे त्याने मोकळेपणाने म्हटलं. मी तिथेच खाली बसलो असतो तर ही गोष्ट तिथे संपली असती. पण तो पुढे सुनीतीकडे वळला. "काकू, पण तुमच्या जुन्या फाइल्स टाकून नका देऊ. माझ्या ऑफिसात एकाने जुन्या फॉन्टसाठी कन्व्हर्टर लिहिलाय. एकदम भारी आहे. मी आणून देतो."

दुसऱ्या कुणाचा तरी कन्व्हर्टर एकदम भारी आहे, हे मला ऐकवेना. माझा स्वभाव मला ठाऊक आहे, पण ठाऊक असल्याने तो बदलतो असं नाही.

"त्याची काही गरज नाही," मी म्हणालो. "मी लिहिलाय. सगळं पुस्तक नऊ सेकंदांत होतं. हे बघ." आणि मी तो फोल्डर पडद्यावर उघडला. पहिलं पान स्वच्छ मराठीत समोर आलं. खाली दुसरं, तिसरं. आमोद पुढे आला, जोडाक्षरं न्याहाळायला लागला. "भारी," तो म्हणाला. मला बरं वाटलं. किती वेळ वाटलं असेल? तेही नऊएक सेकंदच.

"त्या फाइलपुढे तारीख कसली आहे?" पहिल्या बाकावरून सुनीतीने विचारलं.

आमोदने वाचलं. "एकोणीस ऑगस्ट."

"गेल्या वर्षीचा?"

"हो, काकू." मग त्याच्या लक्षात आलं. "काका, तुम्ही यांना सांगितलं नाहीत?"

"नियम होता," मी म्हणालो. "तूच घातलास. मागे उभं राहायचं नाही."

"मी त्यांचं काम लपवून ठेवा असं म्हणालो नव्हतो."

सुनीती उठली. तिने पर्स उचलली आणि माझ्याकडे न बघता आमोदला म्हणाली, "ती फाइल मला एका पेनड्राइव्हवर द्याल का? यांना मागितली तर बघतो म्हणतील." कुणीही हसलं नाही. आमोदने स्वतःच्या खिशातला पेनड्राइव्ह काढून फाइल उतरवून दिली. ती रिक्षाने एकटी घरी गेली.

नंतरचे बारा दिवस ती दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळन्ओळ ताडत होती. पाच महिने बसून टाइप केलेल्या मजकुरात तिला त्रेसष्ट चुका सापडल्या. बँडेज बांधल्यानंतरच्या पानांत जास्त. माझ्या नऊ सेकंदांच्या प्रतीत एकही नव्हती. तिने स्वतः टाइप केलेली सगळी पानं पुसून टाकली आणि माझी प्रत छापायला घेतली. माझा पुरावा गेला आणि तिचे पाच महिनेही. मी म्हणालो, "निदान एक प्रत ठेव, आठवण म्हणून." तिने छापखान्याचा नंबर लावला.

छापखान्यात द्यायच्या आदल्या दिवशी, सकाळच्या चहाच्या वेळी, तिने माझ्यासमोर एक कागद ठेवला. तिची स्वतःची नोंद होती. लग्न झालेल्या मुलीची नोंद तिच्या वडिलांच्या नावाखाली येते आणि तीत नवऱ्याचीही माहिती असते. मी वाचलं.

"सुनीती. जन्म १९६१. मराठीच्या शिक्षिका, प्रस्तुत ग्रंथाच्या संपादिका. पती गोपाळकृष्ण, संगणक विभागातून निवृत्त. विशेष: यांनी ग्रंथाचा संपूर्ण मजकूर १९ ऑगस्ट २०२५ रोजी नऊ सेकंदांत तयार केला व ११ जानेवारी २०२६ पर्यंत स्वतःजवळ ठेवला. ग्रंथाचे प्रवर्तक माधवराव वेळासकर हे २ डिसेंबर २०२५ रोजी वारले. कन्या अस्मिता."

एकही विशेषण नव्हतं. शोधूनही मला त्यात चूक सापडली नाही.

"हे तू छापणार?"

"अकराशे चाळीस घरांत जाईल. खाली सही करा."

सहीबद्दलचा तिचा नियम सगळ्या वेळासकरांना ठाऊक होता. नोंदीत ज्या हयात, सज्ञान माणसाची माहिती आहे त्याने माहिती बरोबर असल्याची सही केल्याशिवाय ती कुणाचीही नोंद घेत नसे. सख्ख्या भावाचा अर्ज तिने दोनदा परत पाठवला होता.

"विशेष काढ, मग करतो."

"खोटं आहे का त्यात काही?"

"खोटं नाही."

"मग सही करा."

"नाही केली तर?"

"तर नोंद येणार नाही," ती म्हणाली. "माझीही नाही आणि अस्मिताचीही नाही. तुम्ही विचार करून सांगा. छापखाना उद्या दहाला उघडतो."

मी दिवसभर विचार केला. ही पुस्तकं लोक टाकून देत नाहीत. माळ्यावर ठेवतात आणि शंभर वर्षांनी कुणीतरी नातू-पणतू काढून वाचतो. त्याला माझ्याबद्दल एवढंच कळणार होतं. एकदा मी पेन उघडलंही. मला तिची दया आली होती, हे मी सांगून ठेवतो. काकांचा हात बँडेजपाशी थांबलेला दिसत होता. तरी माझी सही झाली नाही. सकाळी नऊ वाजता तिने कागद उचलला, खालची कोरी जागा पाहिली आणि तो फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मला वाटलं होतं, ती विशेष तेवढं गाळून नोंद घालेल. तिने स्वतःसाठी नियम मोडला नाही.

मार्चमध्ये कोथरूडच्या एका कार्यालयात वेळासकरांचं संमेलन झालं. पुस्तक देखणं झालं आहे. मुखपृष्ठावर संपादिका म्हणून तिचं नाव आहे. माझं आडनाव तिने त्यात लावलेलं नाही. ती टेबलामागे उभी राहून प्रती देत होती आणि मी कोपऱ्यात प्रतींचे गठ्ठे सोडत होतो. जळगावहून आलेल्या एक वयस्क बाई तिथेच पानं चाळायला लागल्या. त्यांना संपादिकेची नोंद बघायची होती. सुनीतीच्या वडिलांचं पान त्यांना सापडलं. त्याखाली तिचे दोघे भाऊ होते, त्यांच्या बायका, मुलं, नातवंडं.

"अगं, तू कुठे आहेस?" त्यांनी विचारलं. "तुझ्या वडिलांना दोनच मुलं दाखवली आहेत."

"माझी नोंद नाही आली," सुनीती म्हणाली. "सही मिळाली नाही."

"कुणाची?"

सुनीतीने माझ्याकडे बोट केलं, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला त्याची प्रत दिली.